लपवणूक खात्याची सात झुडपं

एका जंगलात एक राजा होता. सिंह नव्हता. सिंहाचं नाव जो काढेल त्याला वर्गाबाहेर काढीन. प्रत्येक गोष्टीत तोच कशाला पाहिजे? ह्या जंगलात रेडा राजा होता. रानरेडा. काळाकुट्ट, खोलीएवढा दांडगा, आणि डोक्यानं... जाऊ दे. राजा होता. राजाच्या डोक्याची चौकशी करायची नसते.

तर पोरांनो, मांडी घाला. मागच्यांनी चिमटे काढू नका. मला सगळं दिसतंय.

ह्या रेडेराजांचं शेजारच्या टेकडीवरच्या घारींशी भांडण होतं. तळ्यातल्या माशांवरून. घारी म्हणायच्या, मासे आमचे. रेडेराजे म्हणायचे, आमचे. आता रेडा मासे खातो का? नाही. गवत खातो. पण तळं आपलं म्हणून मासे आपले. आणि जो खात नाही त्याला भांडायला भरपूर वेळ असतो.

रेडेराजांकडं सात फणसगाडे होते. गाड्यावर एक लांब फळी. फळीच्या टोकाला कच्चा फणस. दोर सोडला की फणस सूंऽऽ करून आभाळात. मासे धरायला खाली आलेल्या घारीला तो बसला की घार आधी गप व्हायची, मग तिरकी व्हायची, मग घरी जायची. दोन दिवस तिला सगळं डबल दिसायचं.

म्हणून घारींना ते गाडे फोडायचे होते. पायात धोंडा धरायचा, उंच जायचं, नेम धरायचा, सोडायचा. सोपं काम. पण गाडे सापडायचे तर पाहिजेत! तीन वर्षं घारी घिरट्या घालत होत्या. माना अवघडल्या. गाडा काही दिसेना.

का दिसेना?

कारण गाडे करंजाच्या राईत उभे होते. दाट राई. वरून बघितलं तर नुसती हिरवी गोधडी. कुणी मुद्दाम लपवले नव्हते बरं का. ऊन लागतं म्हणून सावलीत लावले होते. एवढंच.

गाडे ओढायला रानडुकरं होती आणि हाकायला साळिंदरं. साळिंदर म्हणजे ते अंगभर काटेवालं. सातव्या गाड्यावर गेणू नावाचं साळिंदर होतं. गेणूचं काम काय? सकाळी गाड्याखाली जायचं. झोपायचं. दुपारी त्याची बायको तानी भाकरी घेऊन यायची. ती खायची. काटे झटकायचे. परत झोपायचं. अधनंमधनं एखादा फणस उडवायचा. युद्ध म्हणतात ते हेच, असं गेणूला वाटायचं. आणि युद्ध त्याला फार आवडायचं.

पण एकदा रेडेराजे शेजारच्या जंगलात बारशाला गेले. तिथं हत्तीराजांनी जेवताना सहज सांगितलं, "आम्ही नवीन लपवणूक खातं काढलंय. स्वतंत्र खातं. खुर्चीबिर्ची सगळं."

रेडेराजांना पुढचा घास गेला नाही.

परत आल्या आल्या दरबार भरवला. "आपल्याकडं लपवणूक खातं का नाही?"

सगळे खाली बघायला लागले. एक म्हातारं कासव म्हणालं, "महाराज, आपले गाडे तसेही दिसत नाहीत."

"तसेही म्हणजे?"

"म्हणजे आपोआप."

"आपोआप?" रेडेराजे खवळले. "आपोआप झालेल्या कामाचं उद्घाटन कसं करू मी? नारळ कुठं फोडू? तुझ्या पाठीवर?"

कासवानं डोकं आत घेतलं. ते आजतागायत बाहेर आलं नाही म्हणतात.

झालं. खातं निघालं. साहेब कोण? तर सरडा. लपण्यातला त्याच्याएवढा जाणकार कोण आहे सांगा. पानावर बसला की पान, दगडावर बसला की दगड. सरडेसाहेब ऑफिसात आलेत की नाहीत हे कुणालाच कळायचं नाही. हजेरी मात्र पूर्ण असायची.

पहिल्याच दिवशी सरडेसाहेब राईत तपासणीला आले. गेणू गाड्याखाली घोरत होता.

"ऊठ! गाडा कुठाय?"

"ह्यो काय साहेब. तुमी त्याच्याच चाकावर बसलाय."

साहेब लगेच चाकाच्या रंगाचे झाले. "वरून दिसतो का हा?"

"न्हाई साहेब."

"कधीच?"

"तीन वरसं झाली. एक घार पार फांदीवर येऊन बसली हुती. तिलाबी न्हाई दिसला."

गेणूला वाटलं, आता साहेब शाबास म्हणणार. साहेबांनी कपाळावर हात मारला.

"अरे, मग मी लपवू काय? जी वस्तू दिसतच नाही ती लपवता येत नाही. आधी दिसली पाहिजे. मग लपवली पाहिजे. मग ती दिसली नाही पाहिजे. अशी पद्धत असते."

"पर साहेब, आत्ताच न्हाई दिसत की."

"आत्ता ती खात्यातर्फे दिसत नाही का? नाही ना? मग उपयोग काय? बाहेर काढ!"

आणि पोरांनो, सातही गाडे राईतून बाहेर काढले. समोरच्या उघड्या माळावर आणले. चैत्राचा महिना. माळ कसा होता? भाजलेल्या भाकरीसारखा. गवत वाळलेलं, माती तांबूस, झाडाचं नाव नाही. त्याच्यावर सात गाडे उभे केले. एका रांगेत. दोन गाड्यांत बरोबर दहा पावलं. कारण सैन्य आहे. सैन्यात वाकडंतिकडं चालत नाही.

"आता हे झाका," सरडेसाहेब म्हणाले. "हिरव्या फांद्या आणा."

"साहेब, हितं समदं वाळल्यालं हाय," गेणू म्हणाला. "वाळलं गवातच टाकू की वर. माळासारखंच दिसंल."

साहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं जसं मास्तर तुमच्याकडं बघतात.

"झुडूप कोणत्या रंगाचं असतं?"

"हिरवं."

"आपण काय करतोय?"

"झुडूप."

"मग?"

आता माळावर हिरव्या फांद्या कुठून येणार? जवळ हिरवं असं एकच होतं. राई. मग राईवर कुऱ्हाडी चालल्या. चार दिवसांत राई गेली. सगळ्या फांद्या गाड्यांवर आल्या. एकेका गाड्यावर एवढा ढीग की गाडा लग्नातल्या नवऱ्यासारखा मुंडावळ्यांतून बघत होता.

राईत खोडं उरली. ती उघडीबोडकी वाईट दिसायला लागली. म्हणून त्यांना खालून गेरू आणि वरून चुना लावला. कारण रेडेराजे तपासणीला येणार होते.

आता राजा येणार म्हटल्यावर काय काय करायला लागतं हे तुम्हाला माहितीच आहे. आपल्या शाळेत मोठे साहेब येणार असले की संडासाला सुद्धा रंग लागतो. तसंच झालं. माळावरचे दगड गोळा केले. त्यांना पांढराशुभ्र चुना फासला. प्रत्येक झुडपाभोवती दगडांचं गोल कडं केलं. मधून रस्ता आखला. रस्त्यावर चुन्याचे बाण काढले. झुडपांना आंब्याची तोरणं. आणि फांद्या सुकू नयेत म्हणून रोज सकाळी सातही झुडपांना तळ्यातलं पाणी.

एवढं करूनही सरडेसाहेबांना शंका आली. "महाराजांना कळलं नाही की गाडा कुठाय, तर?"

म्हणून प्रत्येक झुडपासमोर पाटी ठोकली. गेणूच्या झुडपासमोरची पाटी अशी होती: "गाडा क्रमांक सात. लपवलेला आहे."

आणि नवीन नियम निघाला. चालकानं दिवसभर गाड्यातच बसायचं. बाहेर पडायचं नाही. कारण चालक बाहेर फिरताना दिसला तर शत्रूला संशय येईल.

गेणू आत बसला. अंगावर हिरवा पाला, पाल्यात मुंग्या. पहिल्या दिवशी दुपारी तानी भाकरी घेऊन आली. सरळ सातव्या झुडपापाशी आली आणि फांद्या बाजूला केल्या.

"अवो, हायसा का आत?"

"तुला कसं सापडलं गं?" गेणू घाबरून म्हणाला. "म्या तर लपलोय."

"टेकाडावरनंच दिसलं. सात हिरवी गठुळी, वळीनं. पांढऱ्या बांगड्या घाटल्याल्या. आन म्होरं पाटी."

"एवढं दिसतंय?"

"अवो, माझी आई डोळ्यानं अधू. ती म्हनली, ते काय गं हिरवं हिरवं, कुनाचं लगीन हाय का?"

गेणूच्या हातातली भाकरी तशीच राहिली. काटे आपोआप उभे राहिले. तानीला दोन टोचले.

"तानी, आंधळ्या म्हातारीला दिसतंय. मग घारीला?"

तानीनं वर बघितलं. गेणूनं वर बघितलं. तुम्ही कशाला वर बघताय? छतावर काही नाही.

वर आभाळात एक घार फिरत होती. तिचं नाव झिपरी. टेहळणीवाली. ती आठवड्याची चक्कर मारत होती. राईवर आली आणि थबकली. राई कुठाय? खाली बघितलं तर रंगवलेली खोडं. पुढं बघितलं तर माळ. माळावर सात हिरवे गोल. गोलाभोवती पांढरं कडं. मध्ये रस्ता. रस्त्यावर बाण. बाण गोलाकडं.

झिपरी हवेतल्या हवेत उलटी झाली.

"सापडले!" ती किंचाळली. "अगं बाई, तीन वर्षांनी सापडले!" आणि टेकडीकडं सुसाट गेली.

हे गेणूनं आणि तानीनं दोघांनीही स्वच्छ ऐकलं.

"चला," तानी म्हणाली. "भाईर या. घरला चला."

"कसं येऊ? नियम हाय. गाडा सोडला तर डोळं उपटत्यात."

"आन धोंडा पडला मंग? टकुऱ्याचा चेंदा हुईल की वो! मी काय करू? ह्या पाटीला कुकू लावून बसू?"

तानी रडायला लागली. गेणूलाही रडू आलं. पण आत एवढा पाला होता की डोळे पुसायला हात वर जाईना.

"तू जा," तो म्हणाला. "उद्या महाराज तपासणीला येनार हायत. म्या त्यास्नी सांगतो. राजाच हाय, त्येला तर कळंल."

पोरांनो, हसू नका. गेणू कधी दरबारात गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडेराजे आले. पुढं ढोल. मागं सरडेसाहेब, आज एकदम राजासारख्याच काळ्या रंगाचे. महाराज बाणाप्रमाणं चालत पहिल्या झुडपापाशी आले. पाटी वाचली. झुडपाकडं बघितलं.

"गाडा कुठाय?"

"हा काय महाराज."

"कुठं?"

"आत."

"दिसत नाही!"

"तेच तर काम आहे महाराज!"

"वा!" रेडेराजांनी शेपूट उडवली. दुसऱ्या झुडपापाशी गेले. "गाडा कुठाय?" "हा काय." "दिसत नाही! वा!" तिसऱ्यापाशी गेले. असं करत करत सातव्यापाशी आले. इथं त्यांना वाटलं, जरा नीट बघावं. म्हणून त्यांनी मुंडी आत घातली. शिंगात फांद्या अडकल्या. तोरण अडकलं. आणि आत समोर गेणू. नाकाला नाक.

"महाराज," गेणू हळूच म्हणाला. "एक बोलू?"

"हा कोण पाला बोलतोय?"

"पाला न्हाई, गेणू साळिंदर. चालक. महाराज, ह्ये झुडूप खालनं लय ब्येस हाय. पर एकडाव वरनं बगा की. वरनं समदं दिसतंय. काल घार बघून गेली. ती आता धोंडं घिऊन यील. मी हितं आत हाय वो महाराज. मला बायकू हाय."

रेडेराजांनी मुंडी बाहेर काढली. शिंगांवर पाला आणि तोरण तसंच. त्यांनी विचार केला. विचार करताना त्यांच्या नाकातून वाफ निघायची. बरीच निघाली.

"सरडे, हा म्हणतो वरून बघा."

"वरून?" सरडेसाहेब क्षणभर पांढरे पडले, मग परत काळे झाले. "महाराज, वरून बघणं हे शत्रूचं काम आहे. आपण त्यांचं काम का करायचं? आपण खालून बघायचं."

"बरोबर! मी काय घार आहे का?"

सगळे हसले. ढोलवाले पण हसले. गेणू हसला नाही. पण तो आत होता, कुणाला दिसलं नाही.

"उत्तम काम!" महाराज म्हणाले. "सरडेसाहेबांना लपवणूकरत्न पदवी देतो. आणि सातही चालकांनी आज आतच थांबावं. शत्रू येणार असेल तर गाडे भरलेले पाहिजेत. रिकामा गाडा चांगला दिसत नाही."

एवढं बोलून महाराज ओढ्याकडं गेले. त्यांना ऊन सोसायचं नाही. ओढ्याकाठी चिखल होता. त्यात ते आडवे झाले, लोळले, पाठीपर्यंत चिखलात रुतले. शिंगांवरचा पाला आणि तोरण चिखलानं माखलं. डोळे मिटले. घोरायला लागले.

आणि मग आभाळ काळं झालं. ढगानं नाही. घारींनी.

साठ घारी. प्रत्येकीच्या पायात एक धोंडा. सगळ्यात पुढं त्यांची सेनापती वज्रनखी. तिला सगळ्या मॅडम म्हणायच्या, कारण ती युद्धाचं शिक्षण घेऊन आली होती. पुस्तकं वाचलेली घार होती ती. बोलताना एक पंख मागं घ्यायची.

खाली गेणूनं पाल्यातून वर बघितलं. त्याचे सगळे काटे ताठ झाले आणि पाल्यातून बाहेर आले. आता झुडूप पण काटेरी झालं. त्यानं डोळे घट्ट मिटले. "तानी," तो पुटपुटला, "दुसरं लगीन केलंस तर बिनकाट्याचा कर. तुला लय टोचलंय मी."

वर झिपरीनं बोट... म्हणजे नखी दाखवली. "ते बघा मॅडम! सात. मोजून सात. टाकू?"

वज्रनखी बघत राहिली. एक चक्कर मारली. दुसरी मारली.

"झिपरी, तुला ह्यात काही विचित्र वाटत नाही?"

"सगळंच विचित्र वाटतंय मॅडम. पण सात आहेत."

"वाळलेल्या माळावर हिरवीगार झुडपं. एका रांगेत. सारख्या अंतरावर. भोवती पांढरे दगड. पुढं पाट्या. आणि आपल्याला बाण काढून दाखवलंय की इथं टाका." वज्रनखीनं पंख मागं घेतला. "असं कुणी करतं का?"

"हे करतात मॅडम."

"का करतील?"

"मूर्ख आहेत म्हणून."

वज्रनखी रागानं लाल झाली.

"झिपरी! पुस्तकातला पहिला धडा काय?"

झिपरीनं मान खाली घातली. "शत्रूला कधी मूर्ख समजू नये."

"मोठ्यानं!"

"शत्रूला कधी मूर्ख समजू नये!"

"ज्यांनी तीन वर्षं सात गाडे असे लपवले की आपल्याला चाक सुद्धा दिसलं नाही, ते असं करतील? हा सापळा आहे. ही खोटी झुडपं आहेत. आपण धोंडे इथं संपवावेत म्हणून. खरे गाडे दुसरीकडं असणार. जिथं बाण नाही, पाटी नाही, चुना नाही. जिथं बघावंसंच वाटणार नाही. शोधा!"

साठ घारी शोधायला लागल्या. सगळीकडं चुना. खोडांना चुना, रस्त्याला चुना, तळ्याच्या काठाला पण चुना. फक्त एका जागी नव्हता. ओढ्याकाठी.

"थांबा," वज्रनखी म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले. "तो चिखल बघा."

"चिखलच आहे मॅडम."

"नीट बघ. मधला भाग उंच आहे. गाड्याएवढा. वरून चिखल थापलाय, म्हणजे रंग जुळावा. त्यावर थोडा पाला, जास्त नाही, ओढ्यातून वाहून आल्यासारखा. दोन वाकडी लाकडं बाहेर काढलीत, म्हणजे वाळकं झाड वाटावं. आणि जराही हालचाल नाही." तिचा आवाज कापरा झाला. "झिपरी, ह्याला म्हणतात काम! कुणीतरी मोठा कारागीर आहे त्यांच्याकडं."

"मॅडम, ते घोरतंय."

"आवाजाची पण व्यवस्था केलीय! म्हणजे आपण म्हैस समजून सोडून द्यावं. सगळ्यांनी नेम धरा!"

आता मी आवाज काढतो, तुम्ही मोजा. धप्. धप्. धपाधप. चपाक. हा चपाक चिखलात पडलेला. आणि मध्येच एक "बाँऽऽऽ"! तो महाराजांचा.

गेणू आत डोळे मिटून बसला होता. तो पण मोजत होता. एक, आपल्यावर नाही. दोन, आपल्यावर नाही. वीसपर्यंत त्याला मोजता यायचं. वीसनंतर परत एक पासून. असं तीनदा झालं. मग शांत झालं. गेणूनं एक डोळा उघडला. पाला जागेवर. गाडा जागेवर. गेणू पण जागेवर. त्यानं स्वतःला एक काटा टोचून बघितला. लागला. जिवंत होता.

संध्याकाळी माळावर दरबार भरला. रेडेराजे उभे होते, कारण बसता येत नव्हतं. पाठीवर टेंगळं, टेंगळांवर हळदीचा लेप. एक शिंग थोडं वाकडं. शेपटीला चिंधी बांधलेली. रेड्याची कातडी जाड म्हणून निभावलं. तुम्ही असता तर पापड झाला असता.

"साठ धोंडे!" महाराज गरजले. "साठच्या साठ माझ्यावर! कसे काय?"

सगळे परत खाली बघायला लागले. सरडेसाहेब तर दिसेनासेच झाले. पण पाटीवरून त्यांचा आवाज आला.

"महाराज, क्षमा असावी. गाड्यांवर किती पडले?"

"किती?"

"एकही नाही. सात गाडे. एक ओरखडा नाही. पानसुद्धा गळलं नाही."

रेडेराजांच्या नाकातून वाफ यायला लागली.

"गाडे कुणी लपवले?"

"खात्यानं."

"आणि मला?"

"महाराजांना खात्यानं लपवलं नव्हतं. महाराज स्वतःहून, विनापरवाना चिखलात लपले होते."

"म्हणजे..." वाफ एकदम थांबली. विचार पूर्ण झाला होता. "म्हणजे खात्यानं लपवलं ते वाचलं आणि आपोआप लपलं त्याला लागलं!"

"महाराजांनी अगदी नेमकं ओळखलं."

"मी बारशाहून आल्या आल्याच म्हटलं होतं! आपोआपच्या भरवशावर राहायचं नाही!" महाराज खुश झाले आणि लगेच कळवळले, कारण खुश झालं की पाठ हलायची. "ठरलं. आजपासून मी गाड्यात बसणार. सातव्या. तिथला पाला दाट आहे. त्यातला तो काटेवाला बाहेर काढा."

'बाहेर' हा शब्द पूर्ण व्हायच्या आत गेणू बाहेर होता. तानीनं त्याचा हात धरला. काटे टोचत होते तरी सोडला नाही.

"काही मागायचं असेल तर माग," महाराज म्हणाले. "तू खात्याचा पहिला वाचलेला आहेस."

"घरला जाऊ दे महाराज. बास."

"एवढंच? साधा आहेस. जा."

मग सातव्या गाड्यात रेडेराजांना घालायचं काम सुरू झालं. ते सोपं नव्हतं. पुढून घातले की मागून बाहेर यायचे. शेवटी आणखी फांद्या आणल्या. राई संपली होती, म्हणून तळ्याकाठची उंबरं तोडली. राजा आत बसणार म्हणून त्याच्या डोक्यावर मुकुट चढवला आणि कडं दुहेरी केलं. एक चुन्याचं, एक गेरूचं. झुडपाच्या शेंड्यावर झेंडा लावला. बाण मोठे केले. पाटी बदलली. नवीन पाटी अशी: "महाराज येथे नाहीत."

आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना दोन भालदार उभे केले. कुणी पाटी चोरू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वज्रनखी आणि झिपरी परत चक्कर मारायला आल्या. मॅडम फार खुशीत होत्या. काल खरा गाडा फोडला, त्यातून बैलासारखा ओरडायचा आवाज पण आला, असा अहवाल त्यांनी रात्रभर लिहिला होता.

"खोटी झुडपं अजून ठेवलीत," वज्रनखी म्हणाली. "आज तर झेंडा पण लावलाय. किती तो खोटेपणा!"

"मॅडम," झिपरी म्हणाली, "एकच धोंडा टाकून बघू का? नुसता गंमत म्हणून. लहानसा."

वज्रनखीनं तिच्याकडं बघितलं. पोरीचं मन मोडायला नको म्हणून म्हणाली, "टाक एक. पण अहवालात लिहू नकोस."

त्या वेळी गेणू आणि तानी माळ ओलांडून नव्या घराकडं चालले होते. पोरं, भांडी, सगळं डोक्यावर. तळ्याच्या पलीकडं, जिथं ना खातं ना चुना, अशा दाट जाळीत त्यांनी नवीन बीळ बघून ठेवलं होतं.

मागून आवाज आला. टण्.

दोघं थांबले. तो मुकुटाचा आवाज होता.

भालदार एकमेकांकडं बघत होते. आत जावं तर पाटीवर लिहिलंय, महाराज येथे नाहीत.

आणि मग सातव्या झुडपातून रेडेराजांचा आनंदानं फुटलेला आवाज आला.

"सरडे! अरे सरडे! काल साठ लागले होते. आज एकच लागला! खातं सुधारतंय!"

तात्पर्य (हे पेपरात लिहू नका, मास्तर मार्क देणार नाहीत): शत्रूला मूर्ख समजू नये असं शिकलेले लोक सांगतात. खुशाल समजावं. निदान आधी एक लहान धोंडा टाकून बघावा. आणि पोरांनो, कधी जीव वाचवायची वेळ आली तर घारीपासून लपत बसू नका. ती शिकलेली असते, तिला दिसलं तरी पटत नाही. लपायचं ते खात्यापासून. ते एकदा मदतीला आलं की सगळ्या जंगलाला दिसता.